रोड सायकलच्या मागच्या चाकावर कोणती कॅसेट बसेल? नव्या सायकलस्वारांसाठी मार्गदर्शक

कोल्हापुरात रोड सायकल घेतली की पन्हाळा आणि जोतिबा फार काळ दूर राहत नाहीत. शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या फाट्यावर जोतिबाकडे वळावे किंवा तसेच पुढे जाऊन वाघबिळाहून पन्हाळ्याची वाट धरावी. दोन्हीकडे सुमारे १,८०० फूट उंचीवरच्या शहरातून निघालेला माणूस ३,००० फुटांच्या आसपास जाऊन पोहोचतो, आणि सायकलचे सगळे गिअर वापरून झाले तरी चढ संपलेला नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळते. त्यानंतर दुकानात जाऊन विचारलेला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘माझ्या सायकलला मागे ३४ ची कॅसेट बसेल का?’

कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा, म्हणजे स्प्रॉकेटांचा संच, आणि ३४ हा त्यातल्या सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटाच्या दात्यांचा आकडा. हा प्रश्न एक दिसत असला तरी त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. कॅसेट चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, चढेल का. शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या खटक्याच्या, प्रत्येक टप्प्याला चेन नेमकी पुढच्या स्प्रॉकेटवर जाईल का. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका स्प्रॉकेटावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, एवढे मोठे स्प्रॉकेट सांभाळू शकेल का. आणि आहे ती चेन पुरेल का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर उरलेली तीन उत्तरे होकारार्थी असून उपयोग होत नाही. ज्या दात्यांच्या आकड्यापासून आपण सुरुवात करतो, तो खरे तर तिसऱ्या प्रश्नात येतो. म्हणून खरेदी करण्यापूर्वी हे प्रश्न ज्या क्रमाने सोडवायला हवेत, त्याच क्रमाने पुढे दिले आहेत.

पहिली पायरी: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?

सात गिअरच्या अनेक स्वस्त सायकलींवर मागे कॅसेट नसतेच, फ्रीव्हील असते. फ्रीव्हीलमध्ये स्प्रॉकेटांचा संच आणि उलटे फिरू देणारी यंत्रणा एकाच तुकड्यात असते, आणि तो तुकडा हबवरच्या आट्यांवर फिरवून घट्ट बसवलेला असतो. कॅसेटच्या बाबतीत ती यंत्रणा हबचाच भाग असते. तिला फ्रीहब म्हणतात. कॅसेटची स्प्रॉकेटे त्याच्या लांबट खाचांवर सरकवून बाहेरून लॉकरिंग नावाच्या आट्यांच्या कडीने आवळलेली असतात. या दोन पद्धती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. फ्रीव्हीलच्या चाकावर कॅसेट हवी असेल, तर हब बदलावा लागतो, म्हणजे व्यवहारात चाकच बदलावे लागते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. चाक काढून हातात धरावे, स्प्रॉकेटे उलट्या दिशेने फिरवावीत आणि मधोमध पाहावे. जिथे पाना अडकवायच्या खाचा असतात, ती मधली कडी स्प्रॉकेटांबरोबर फिरली तर ती लॉकरिंग आहे आणि मागे कॅसेट आहे; ती जागीच थांबली आणि बाहेरचे दाते तेवढे फिरले, तर ते फ्रीव्हील आहे. मागे फ्रीव्हील निघाले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण सात स्पीडचे (म्हणजे सात स्प्रॉकेटांचे) १४-२८ चे, म्हणजे सर्वांत लहान स्प्रॉकेट १४ आणि सर्वांत मोठे २८ दात्यांचे असलेले, फ्रीव्हील काढून त्याच जागी १४-३४ चे बसवता येते. मात्र डिरेलर आणि चेन यांविषयी पुढे जे सांगितले आहे, ते तेव्हाही लागू पडते.

दुसरी पायरी: फ्रीहबची जात आणि लांबी

आपल्याकडच्या बहुतेक रोड सायकलींवर शिमानोच्या हायपरग्लाइड, म्हणजे बोलण्यात ‘एचजी’, पद्धतीच्या खाचा असतात. त्यांतली एक खाच बाकीच्यांपेक्षा निराळ्या रुंदीची असते, त्यामुळे स्प्रॉकेट एकाच स्थितीत चढते आणि दाते चुकीच्या कोनात बसण्याचा प्रश्न येत नाही. स्रॅमच्या आठ ते अकरा स्पीडच्या बऱ्याच कॅसेट, तसेच सनरेस आणि मायक्रोशिफ्टच्या कॅसेट याच खाचांवर बसतात, त्यामुळे तेवढ्यापुरते तरी कंपनीचे नाव पाहून अडून राहू नये. कॅम्पाग्नोलोच्या खाचा मात्र वेगळ्या असतात, आणि त्या चाकांवर शिमानोची कॅसेट फ्रीहब बदलल्याशिवाय चढत नाही.

खाचा एकसारख्या असल्या तरी फ्रीहबची लांबी एकसारखी नसते, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. आठ, नऊ आणि दहा स्पीडसाठी केलेला फ्रीहब सुमारे ३५ मिलिमीटर लांब असतो, तर रोडच्या अकरा स्पीडसाठी केलेला त्याहून १.८५ मिलिमीटर लांब, म्हणजे ३७ मिलिमीटरच्या जरा आत असतो. कॅसेट काढून व्हर्नियर कॅलिपरने खाचांची लांबी मोजली की दोहोंतला फरक स्पष्ट दिसतो. डोळ्यांनी अंदाज करू नये, कारण दोन मिलिमीटरपेक्षा कमी असलेला फरक नजरेला पटत नाही.

लांब फ्रीहबवर लहान कॅसेट बसवणे सोपे असते. अकरा स्पीडच्या चाकावर आठ किंवा नऊ स्पीडची कॅसेट बसवताना मागच्या बाजूला १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे उरलेली जागा भरणारी कडी, घातला की काम होते. शिमानोच्या दहा स्पीडच्या अनेक रोड कॅसेटना त्याशिवाय एक मिलिमीटरची आणखी एक पातळ चकती लागते, आणि ही चकती आखूड फ्रीहबवरही लागते. ती कॅसेटच्या खोक्यातच येते, म्हणून खोके टाकून देण्यापूर्वी तळाशी नीट पाहावे. सात स्पीडची कॅसेट आठ-नऊ-दहाच्या फ्रीहबवर चढवायची असल्यास स्पेसर ४.५ मिलिमीटरचा लागतो.

उलट प्रकार, म्हणजे आखूड फ्रीहबवर अकरा स्पीडची नेहमीची रोड कॅसेट बसवणे, शक्य नसतो. सर्वांत लहान स्प्रॉकेटाला खाचांचा पुरेसा आधार मिळत नाही आणि लॉकरिंगचे आटे नीट धरत नाहीत. तथापि याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि जुनी चाके घेणाऱ्यांनी तो अवश्य लक्षात ठेवावा. शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११-३४ च्या अकरा स्पीड कॅसेट आखूड फ्रीहबवरच बसण्यासाठी घडवलेल्या आहेत. लांब फ्रीहबवर त्यांना उलट १.८५ चा स्पेसर लागतो. हबपासून निघालेले स्पोक रिमकडे जाताना चाकाच्या मध्याकडे झुकत जातात, त्यामुळे जितके वर जावे तितकी स्प्रॉकेट आणि स्पोक यांच्यामधली मोकळी जागा वाढते. ३४ दात्यांचे स्प्रॉकेट व्यासाने मोठे असल्याने ते थोडे आत, स्पोकच्या बाजूला सरकवून बसवता येते, आणि वाचलेली जागा अकराव्या स्प्रॉकेटाला मिळते. २८ दात्यांच्या स्प्रॉकेटाला एवढी मोकळीक नसते. त्यामुळे दहा स्पीडच्या काळातल्या चाकावर ११-२८ बसत नाही, पण ही ११-३४ बसते, असा वरवर उलटा वाटणारा निकाल येतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथवर होत नाही असे काम शोधावे लागेल, आणि हे मी पूर्ण अभिमानाने लिहितो. १.८५ मिलिमीटरचा सपाट अॅल्युमिनियम स्पेसर तिथला कुशल टर्नर उत्तम करून देऊ शकतो. दोन्ही पृष्ठे समांतर आहेत ना, हे तेवढे चार ठिकाणी मोजून घ्यावे. परंतु अकराची कॅसेट आखूड फ्रीहबवर बसावी म्हणून तिचा मागचा भाग घासून घेणे, किंवा फ्रीहबच कापून घेणे, हे नवख्याने करू नये. त्या भागांवर चढावरचा सगळा जोर येतो, आणि एकदा काढलेला धातू परत जोडता येत नाही.

बारा स्पीडविषयी थोडक्यात सांगायचे तर, शिमानोच्या २०२१ मध्ये आलेल्या डुरा-एस आणि अल्टेग्रा या गिअर-संचांच्या, तसेच नंतरच्या १०५ या संचाच्या बारा स्पीड रोड कॅसेट अकरा स्पीडच्या लांब एचजी फ्रीहबवर बसतात. मात्र फक्त बारा स्पीडसाठीच केलेल्या काही नव्या हबवर अकराची कॅसेट चढत नाही. स्रॅमच्या बारा स्पीड रोड संचात सर्वांत लहान स्प्रॉकेट सहसा दहा दात्यांचे असते. एचजी फ्रीहबवर अकरापेक्षा लहान स्प्रॉकेट बसत नाही, म्हणून अशा कॅसेटसाठी एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. शिमानोचा मायक्रो स्प्लाइन हा फ्रीहब माउंटन बाइकसाठी निघाला, आणि त्यावर एचजीची कॅसेट चढत नाही. वापरलेली चाके घेताना विकणाऱ्याला ‘किती स्पीडचे आहे’ एवढेच न विचारता ‘फ्रीहब कोणता आहे’ असे विचारावे आणि कॅसेट काढलेल्या अवस्थेतला फोटो मागवावा. अनेक चांगल्या हबवर फ्रीहबचा भाग तेवढा बदलून मिळतो, हेही विचारून ठेवावे.

तिसरी पायरी: शिफ्टर जितक्या स्पीडचा, कॅसेट तितक्याच स्पीडची

स्पीडची संख्या वाढत गेली तशी स्प्रॉकेटे एकमेकांच्या अधिक जवळ आली. शिमानोच्या आठ स्पीड कॅसेटमध्ये दोन शेजारच्या स्प्रॉकेटांमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४.८ मिलिमीटर असते, नऊमध्ये सुमारे ४.३५, दहामध्ये ३.९५ आणि अकरामध्ये सुमारे ३.७ मिलिमीटर. शिफ्टरची प्रत्येक टिचकी डिरेलरला याच अंतराइतकी सरकवते. आठच्या शिफ्टरवर नऊची कॅसेट लावली, तर प्रत्येक टप्प्याला ०.४५ मिलिमीटरची चूक होते आणि सातव्या टप्प्यापर्यंत ती तीन मिलिमीटरच्या वर साठते. मधले दोन-तीन गिअर ठीक लागतात, म्हणून दुकानात उभ्या उभ्या फिरवून पाहताना फसगत होते. कडेचे गिअर मात्र कुरकुरतात किंवा आपोआप उडतात. क्लॅरिस म्हणजे आठ, सोरा म्हणजे नऊ, टियाग्रा म्हणजे दहा, हे शिमानोच्या संचांचे गणित बहुतांश सायकलींना लागू पडते. १०५ च्या बाबतीत आर७००० मालिका अकराची आणि आर७१०० मालिका बाराची आहे, हे पाहून घ्यावे.

टियाग्रा ४७०० ची कॅसेट दहा स्पीडचीच असते आणि तिच्या जागी दुसरी दहाची कॅसेट चालते. परंतु तिचा शिफ्टर केबल जितकी ओढतो, ते प्रमाण जुन्या दहा स्पीडच्या संचांपेक्षा वेगळे आहे. म्हणून कॅसेट बदलताना सोबत जुन्या मालिकेतला डिरेलर स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये.

चौथी पायरी: डिरेलरची मर्यादा, आणि आपल्याला नेमके किती दाते हवेत

डिरेलरच्या मागच्या बाजूला त्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि त्या क्रमांकावरून कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात दोन आकडे पाहायचे असतात. पहिला म्हणजे तो जास्तीत जास्त किती दात्यांच्या स्प्रॉकेटापर्यंत पोहोचतो. दुसरा म्हणजे त्याची एकूण क्षमता, म्हणजे चेनचा किती ढिलेपणा तो गोळा करू शकतो. अकरा स्पीडच्या १०५ चे, म्हणजे आर७००० चे उदाहरण घेऊ. त्याचा आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या पुलींचा खालचा भाग) ‘एसएस’ डिरेलर ३० दात्यांपर्यंत जातो आणि त्याची क्षमता ३५ आहे. मध्यम पिंजऱ्याचा ‘जीएस’ ३४ पर्यंत जातो आणि त्याची क्षमता ३९ आहे.

क्षमतेचा हिशेब असा करावा. पेडलपाशी असलेल्या पुढच्या दोन दातेरी चकत्यांच्या, म्हणजे चेनरिंगच्या, दात्यांतला फरक आणि कॅसेटच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान स्प्रॉकेटांतला फरक यांची बेरीज करावी. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३० असेल तर १६ अधिक १९, म्हणजे ३५ होतात, आणि एसएस डिरेलर बरोबर पुरतो. मागे ११-३४ लावायची झाली, तर १६ अधिक २३ म्हणजे ३९ होतात आणि जीएस लागतोच. दात्यांचे आकडे स्प्रॉकेटांवर आणि चेनरिंगवर छापलेले असतात. चिखल पुसून पाहिले की दिसतात.

कंपनीच्या मर्यादेपेक्षा एक-दोन दाते जास्तीचे स्प्रॉकेट काही सायकलींवर चालून जाते, असे अनुभवी लोक सांगतात आणि ते खरेही असते, कारण फ्रेमच्या हँगरची, म्हणजे डिरेलर जिथे बसतो त्या तुकड्याची, लांबी थोडीफार वेगवेगळी असते. डिरेलर खाली उतरवणारी जोडपट्टीही मिळते. तरीही ज्याला गिअर जुळवण्याचा सराव नाही, त्याने मर्यादेच्या आतच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटात उतरून त्याच दिवशी परत वर चढणाऱ्या माणसाला सायकल ‘बहुधा चालेल’ या भरवशावर नेता येत नाही.

आता किती दाते हवेत, ते पाहू. ७००×२५ च्या टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर धरावा. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २५ च्या स्प्रॉकेटावर सुमारे २.८६ मीटर, २८ वर २.५५ मीटर आणि ३४ वर २.१ मीटर पुढे जाते. पन्हाळ्याच्या चढावर नवा सायकलस्वार ताशी ९ किलोमीटर वेगाने जात आहे असे मानले, तर २५ वर त्याचे पाय मिनिटाला सुमारे ५२ फेरे करतात, ३४ वर सुमारे ७१. वेग तोच राहतो, परंतु प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यांवर पडणारा जोर पुष्कळ कमी होतो. पन्नासच्या आसपासचे जड फेरे वीस-पंचवीस मिनिटे मारत राहण्याने गुडघे दुखू लागतात, तंदुरुस्त माणसाचेसुद्धा.

मोठ्या स्प्रॉकेटाची किंमत सपाट रस्त्यावर मोजावी लागते. शिमानोच्या वर सांगितलेल्या ११-३४ च्या कॅसेटमध्ये स्प्रॉकेटांचा क्रम ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४ असा आहे. नरसोबाच्या वाडीच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा असताना १५ जड आणि १७ हलके वाटते आणि मधले १६ हवेसे होते. शिमानोच्या ११-३२ मध्ये ते १६ मिळते: ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२. या पट्ट्यात सुरुवात करणाऱ्याने पुढे ५०-३४ ठेवून, डिरेलर परवानगी देत असेल तर, मागे ११-३२ किंवा ११-३४ घ्यावी, असे मी सुचवीन. जोतिबा-पन्हाळा दर आठवड्याला होणार असेल किंवा वजन ऐंशी किलोच्या वर असेल, तर ३४ घ्यावी. पुढे ५२-३६ असेल, तर मोठ्या स्प्रॉकेटाची गरज आणखीच वाढते, कारण ३६ आणि ३४ मिळूनही पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकापेक्षा थोडा जास्त फेरा होतोच.

पाचवी पायरी: चेन

चेनची रुंदी स्पीडप्रमाणे बदलते: आठची बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर, नऊची ६.६, दहाची ५.९, अकराची ५.५. म्हणून चेन कॅसेटच्या स्पीडचीच घ्यावी. नव्या कॅसेटवर झिजलेली चेन लावू नये. ती नव्या दात्यांवरून घसरते आणि त्यांनाही लवकर झिजवते. चेन मोजण्याचे साधे मापक जवळ असावे. अकरा-बारा स्पीडची चेन ०.५ टक्के लांबल्यावर आणि त्याखालच्या स्पीडची ०.७५ टक्के लांबल्यावर बदलावी. उसाच्या गळीत हंगामात ट्रॉल्यांमागून सांडलेली माती आणि पाचट, आणि पावसाळ्यात घाटांतला लाल चिखल यांमुळे आपल्याकडे हे माप अपेक्षेपेक्षा लवकर भरते.

मोठे स्प्रॉकेट लावले की चेन आखूड पडू शकते. २८ वरून ३४ वर गेल्यास सहा दाते वाढतात. त्यांपैकी साधारण निम्म्या दात्यांवर चेन गुंडाळली जाते, म्हणजे सुमारे तीन कड्या जास्त लागतात, आणि चेन दोन-दोन कड्यांनी वाढते. आखूड चेन घेऊन पुढचे मोठे आणि मागचे मोठे स्प्रॉकेट एकदम लागले, तर हँगर वाकतो किंवा डिरेलरच तुटतो. त्यामुळे कॅसेटबरोबर नवी चेन घेणे हेच बहुतेकदा शहाणपणाचे ठरते. तिची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न नेता पुढच्या व मागच्या मोठ्या दात्यांवरून थेट गुंडाळावी, आणि जिथे टोके जुळतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवून तोडावी.

सहावी पायरी: बसवणे आणि तपासणे

हत्यारे दोनच लागतात: लॉकरिंगच्या खाचांत बसणारे टूल आणि कॅसेट फिरू नये म्हणून धरणारा चेन व्हिप. लॉकरिंग डावीकडे फिरवून सुटते. जुनी स्प्रॉकेटे आणि स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडावेत आणि फोटो काढून ठेवावा. फ्रीहब पुसून खाचांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा, ठरलेला स्पेसर आधी घालावा आणि मग स्प्रॉकेटे निराळी खाच जुळवून सरकवावीत. सर्वांत लहान स्प्रॉकेट बसल्यावर त्याची बाहेरची कड फ्रीहबच्या टोकापेक्षा किंचित बाहेर आली पाहिजे. ती आत राहिली तर लॉकरिंग फ्रीहबलाच टेकते आणि कॅसेट सैल राहते, म्हणजे स्पेसर कमी पडला आहे. लॉकरिंगचे आटे धरतच नसतील, तर स्पेसर जास्त झाला आहे किंवा फ्रीहब आखूड आहे. ११ पासून सुरू होणाऱ्या कॅसेटची लॉकरिंग १२ पासून सुरू होणाऱ्या कॅसेटच्या लॉकरिंगपेक्षा लहान असते, म्हणून नव्या कॅसेटसोबत आलेलीच लॉकरिंग वापरावी. ती ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळायची असते. हा जोर बऱ्यापैकी मोठा आहे, म्हणून टॉर्क रेंच नसल्यास दुकानात आवळून घ्यावी.

आवळून झाल्यावर मोठे स्प्रॉकेट दोन बोटांनी धरून आडवे हलवून पाहावे. जराही खडखडले, तर स्पेसरचा हिशेब पुन्हा करावा. चाक सायकलला लावल्यावर, रस्त्यावर जाण्यापूर्वी, सायकल स्टँडवर ठेवून पेडल हातानेच फिरवावे. पुढे लहान आणि मागे मोठे स्प्रॉकेट लावून डिरेलरची वरची पुली स्प्रॉकेटाला घासत नाही ना, ते पाहावे. घासत असल्यास डिरेलरवरचा बी-टेन्शन नावाचा स्क्रू आवळून दोहोंत पाच-सहा मिलिमीटर अंतर आणावे. नंतर अगदी हळूहळू पुढचे मोठे आणि मागचे मोठे एकदम लावावे. पिंजरा पुढे ताणला गेला तरी त्याला थोडी लवचीक जागा उरली पाहिजे. ती नसेल तर पेडल तिथेच थांबवावे आणि चेन वाढवावी. शेवटी पुढचे लहान आणि मागचे सर्वांत लहान लावून चेन खाली लोंबत नाही, हे पाहावे; लोंबत असेल तर डिरेलरची क्षमता अपुरी आहे, आणि मोठा पिंजरा घेईपर्यंत ती जोडी वापरू नये.

जुन्या कॅसेटमधून निघालेले स्पेसर आणि लॉकरिंग एका पिशवीत घालून, त्यावर फ्रीहबची लांबी आणि डिरेलरचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या खेपेला चाक किंवा कॅसेट घेताना दुकानात तीच पिशवी न्यावी.